झिपऱ्याचे केस आणि आमचे क्लेश

आमच्या जळगावच्या घरात दिवाळीची चाहूल उटण्याच्या वासाने लागत नाही, की बाजारातल्या आकाशकंदिलांनीही लागत नाही. ती लागते आईच्या एका प्रश्नाने. आश्विन लागला, माळ्यावरचे डबे खाली उतरले, अनारशाचे पीठ मुरायला ठेवले, की एके सकाळी आई डब्यावरचे फडके उचलते, काहीतरी चिमटीत धरून उजेडात नेते आणि आपल्या माहेरच्या अहिराणीत विचारते, "हाई काय शे रे भाऊ?"

ते काय आहे हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असते. तो एक पांढरा, बोटभर लांबीचा, किंचित वळणाचा केस असतो. आईचा म्हणावा तर तिचे केस याच्या चौपट लांब. तो झिपऱ्याचा असतो. पुढच्या महिनाभरात तो केस चिवड्यात सापडतो, काळ्या विजारीवर सापडतो, सत्यनारायणाच्या पोथीत सापडतो, आणि एकदा तर पाहुण्यांच्या चहावर तरंगताना सापडला. पाहुणे सोयरीक घेऊन आले होते. सोयरीक जुळली नाही; कारण दुसरेच होते असे ते म्हणाले.

झिपऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. बाजारात ज्याला सरसकट 'पॉमेरियन' म्हणतात, त्यातला. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा, कडेवर बसेल एवढा. आमचा चांगला नऊ किलोंचा आहे. हा आपल्याकडचा स्पिट्झ. 'स्पिट्झ' या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. कान टोकदार, नाकाड टोकदार, म्हणून हे नाव. याचे पूर्वज युरोपातल्या थंड मुलखाचे. इंग्रजी अमदानीत साहेबांबरोबर ते इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले. ज्या पॉमेरेनियावरून बाजारातले नाव पडले, तो प्रांत बाल्टिक समुद्राच्या काठचा. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतून असला कुत्रा विलायतेला नेला आणि तिथे त्यांचे वेड पसरले. आपल्याकडे ते काम १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातल्या टफीने केले. त्यानंतर गल्लोगल्ली पांढरे झुबके दिसू लागले.

तर बाल्टिककाठच्या थंडीसाठी शिवलेला कोट अंगात घालून हा प्राणी खानदेशात राहतो. तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. कोट उतरवण्याची त्याची धडपड आपण समजू शकतो. पण तो कोट तो एकदम काढून खुंटीला टांगत नाही. एकेक केस सोडत उतरवतो, आणि घरभर ठेवतो.

दादांचा पत्र्याचा डबा

झिपऱ्या आमच्याकडे आला तो २०१८ च्या भाऊबिजेला. ताई धुळ्याला देवपुरात असते. तिच्या शेजाऱ्यांकडे पिल्ले झाली होती. दादा, म्हणजे माझे वडील, तिच्याकडे ओवाळणीच्या दिवशी माझ्यासोबत आले आणि परतताना एस.टी.त त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. पारोळा येईपर्यंत पिशवी गप्प होती. एरंडोलला तिने तोंड बाहेर काढले आणि कंडक्टरकडे पाहून भुंकली. घरी आल्यावर आईने सांगितले, "तुमचा कुत्रा, तुमची जबाबदारी." दादा म्हणाले, "बरं."

पुढची अडीच वर्षे आम्हाला केसांचा त्रास असा जाणवलाच नाही. चहा झाला की दादा ओट्यावर बसत, जुने वर्तमानपत्र पसरत, त्यावर झिपऱ्याला उभे करत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक लोखंडी फणी आणि एक तारांचा ब्रश काढत. पंधरा-वीस मिनिटांनी वर्तमानपत्राची पुडी होई आणि ती केराच्या डब्यात जाई. निवृत्त माणसाचा विरंगुळा म्हणून आम्ही तिकडे पाहत होतो. माझी पत्नी कौतुकाने म्हणायची, "आपला कुत्रा केस फार गाळत नाही हो, शेजारच्यांचा बघा!"

२०२१ च्या चैत्रात दादा गेले.

त्या दिवसांत कुत्र्याकडे कोणाचे लक्ष असणार? झिपऱ्या ओट्यावर जाऊन बसायचा आणि थोड्या वेळाने उठून आत यायचा. त्याच वर्षीच्या दसऱ्याला आमच्या घराची जिनिंग फॅक्टरी झाली. खानदेशात कापसाची वेचणी सुरू होते तेव्हा आमच्या घरातही वेचणी सुरू झाली. सोफ्याखाली झुबके, कपाटामागे झुबके, पंखा लावला की खोलीभर म्हातारीच्या शेवरीसारखे झुबके. आम्ही म्हटले, कुत्रा आजारी आहे. कोणी म्हणाले, म्हातारा झाला. तीन वर्षांचा कुत्रा! कोणी म्हणाले, मीठ बंद करा. कोणी म्हणाले, धन्याच्या मागे झुरतोय. यातले शेवटचे अगदीच खोटे नव्हते, पण घर पांढरे होण्याचे कारण ते नव्हते.

पुढच्या होळीनंतर तर कहर झाला. एके रात्री पत्नी म्हणाली, "अहो, एक तर हे केस तरी, नाहीतर मी तरी." ताईला फोन गेला. ती म्हणाली, "आणून सोड, इथं अंगण आहे." आमच्या धाकटीने जेवण सोडले. आणि ज्या आईने साडेतीन वर्षे 'हाई काय शे' म्हणून घर डोक्यावर घेतले होते, ती देवघरातून म्हणाली, "तो कुठं जाणार नाही. यांनी आणलेला आहे."

मग मधला मार्ग निघाला, आणि तो मी काढला. त्याची लाज मला आजही वाटते.

यंत्राची करामत

टाळेबंदीच्या दिवसांत घरोघर केस कापायची विजेची यंत्रे आली, तशी आमच्याकडेही होती. २०२२ ची आखाजी ३ मे रोजी होती. तिच्या आदल्या दिवशी शेजारी आले होते. झिपऱ्याची जीभ बाहेर लोंबत होती. शेजारी म्हणाले, "अहो, मेंढ्या भादरतात की नाही? मग याला भादरायला काय हरकत? त्यालाही गार वाटेल, तुमचंही घर स्वच्छ राहील." बिनतोड युक्तिवाद! तासाभरात झिपऱ्याच्या अंगावर गहू कापल्यावर राहतो तेवढा खुंट उरला. आरशासमोरून जाताना तो स्वतःवरच भुंकला. आम्ही हसलो. पत्नीने मला शाबासकी दिली.

आठ-दहा दिवसांत त्याच्या पाठीवर लाल चट्टे उठले आणि कातडीचे पापुद्रे निघू लागले. दुपारी तो पलंगाखालून बाहेर येईना. पूर्वी दारातल्या उन्हातून सहज ये-जा करणारा कुत्रा आता सावलीतून सावलीत पळू लागला. पोळा आला तरी डोके आणि पाय सोडले तर अंगावर केस नाहीत. कमरेपाशी तर कातडी काळी पडू लागली. धाकटी विचारायची, "बाबा, याचे केस कधी येणार?" मी म्हणायचो, "येतील." मला ठाऊक नव्हते.

धुळ्याच्या बाकावर

राखीच्या सुमारास ताईने आम्हाला सरळ धुळ्याला बोलावून घेतले आणि तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाहेर बाकावर आमच्या शेजारी साक्रीकडचे एक वृद्ध ठेलारी कोकरू घेऊन बसले होते. त्यांनी झिपऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे काय केलं?" मी मेंढ्यांचा युक्तिवाद सांगितला. ते म्हणाले, "मेंढीची लोकर आपोआप गळत नाही, म्हणून कातरावी लागते. याची आपोआप गळते. मग कातरली कशाला?"

आत गेल्यावर हा संवाद मी डॉक्टरीणबाईंना सांगितला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग मला सांगायला काय उरलं?" तरी त्यांनी सांगितले. तपासले, कातडी खरवडून काचेवर घेऊन पाहिली, थायरॉइडसाठी रक्त घेतले. थायरॉइड मंदावले तरी केस जातात. झिपऱ्याचे ते ठीक निघाले. मग त्यांनी विचारले, "याला आधी रोज कोण विंचरत होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. दादांच्या सकाळच्या पंधरा मिनिटांचा हिशेब त्या दिवशी, दीड वर्षाने, आमच्या ध्यानात आला. कुत्रा तेव्हाही तितकाच केस गाळत होता. ते घरात पडण्याआधी कोणीतरी ते हाताने काढून घेत होते, एवढाच फरक.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी जे सांगितले आणि पुढे तीन-चार वर्षांत आम्ही जे अनुभवले, ते खाली देत आहे. ज्यांच्या घरी स्पिट्झ, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर किंवा हौसेने आणलेला हस्की आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

कुत्र्याला पंचांग कोण सांगते?

अशा कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ. पाऊस व ऊन ते अडवतात. आतली लव मऊ, दाट, कापसासारखी. तिच्यात हवा कोंडून राहते आणि ऊब टिकते. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, विश्रांती घेतो आणि नवा केस खालून येऊ लागला की गळतो. पूडलसारख्या जातींत वाढीचा काळ लांबलचक असतो, म्हणून ते केस फारसे गाळत नाहीत, पण त्यांना वरचेवर कातरावे लागते. दुहेरी केसांच्या कुत्र्यांत विश्रांतीतले केस वर्षातून दोनदा, मोसम बदलताना, थव्याने सुटतात: एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, एकदा थंडीच्या तोंडावर.

मोसम बदलल्याचे कुत्र्याला कळते कसे? गरम-थंड हवेचा वाटा त्यात आहेच, पण मुख्य खूण दिवसाच्या लांबीची. डोळ्यांत किती वेळ उजेड पडतो त्यावर मेंदूतली पिनियल नावाची चिमुकली ग्रंथी मेलॅटोनिन हे द्रव्य कमीजास्त सोडते आणि केसांच्या मुळांपर्यंत निरोप जातो. उत्तर जर्मनीत उन्हाळ्यातला दिवस सतरा तासांच्या आसपास आणि हिवाळ्यातला आठ तासांच्याही आत. आपल्या जळगाव-धुळ्याला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतबाहेर, सर्वांत लहान पावणेअकरांच्या. म्हणजे निरोप तोच, पण आवाज हळू. त्यात आमचा झिपऱ्या रात्री अकरापर्यंत दिव्याखाली मालिका पाहणार! त्याचे पंचांग बिघडले तर नवल काय? म्हणून घरात राहणारे कुत्रे थोडेथोडे केस बारा महिने गाळतात आणि फाल्गुन-चैत्रात व आश्विन-कार्तिकात जास्त. याशिवाय कुत्री माजावर येऊन गेल्यावर किंवा व्याल्यावर तिचे केस झडतात. फटाक्यांच्या भीतीने, प्रवासाने किंवा माणूस दुरावल्यानेही केस अधिक सुटतात.

हे थांबवण्याचे औषध नाही. जो विकतो त्याच्यापासून सावध राहावे.

यंत्र का फिरवू नये हेही आता कळेल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, एवढेच. तो उष्णता घालवतो ती धापा टाकून आणि पोट थंड फरशीला टेकवून. वरच्या केसांचा थर ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. तो काढला की कातडी भाजते. शिवाय स्पिट्झसारख्या कुत्र्यांच्या केसांची मुळे बराच काळ विश्रांतीत असतात. ती पुन्हा जागी व्हायला सहा महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षेही लागतात, आणि उगवलेल्या केसांचा पोत बदललेला असू शकतो. झिपऱ्याचे अंग पुरते भरायला २०२३ ची दिवाळी उजाडली. (ल्हासा ॲप्सो, शिह त्झू या जातींची गोष्ट निराळी, त्यांचे केस सतत वाढतात, ते बेताने कातरायला हरकत नसते.)

पंधरा मिनिटांचा नेम

हत्यारे तीनच. बारीक वाकड्या तारांचा ब्रश, त्याला दुकानात स्लिकर म्हणतात. आतली लव ओढून काढणारा लांब दातांचा दाताळ्यासारखा कंगवा. आणि दुहेरी दातांची लोखंडी फणी. पाते असलेली जी साधने भराभर ढीग काढून दाखवतात, ती वरचे चांगले केसही कापतात. ती जपून वापरावीत, न वापरली तरी चालते.

पाठीवरून ब्रश फिरवला म्हणजे विंचरणे झाले, असा माझा समज होता. वरून गुळगुळीत आणि आत गुंता, असे त्याचे फळ. खरी रीत अशी: एका हाताने केस वर उलटे धरावेत, कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून थोडेथोडे केस खाली सोडत मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. मागच्या पायांपासून सुरुवात करून पुढे यावे. कानांमागे, काखेत, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी गुंते होतात. तिथे घाई करू नये. गुंता बोटांनी सोडवावा, मग फणीच्या टोकाने. कात्री आत घातली तर कातडी कापली जाण्याची भीती असते, कारण कुत्र्याची कातडी पातळ आणि गुंत्यात ओढली गेलेली असते. ब्रशच्या तारा आपल्या मनगटावर फिरवून पाहाव्यात; आपल्याला जितके टोचेल तितकेच त्यालाही टोचते. शेवटी फणी मुळापासून अडखळत नाही अशी गेली की काम झाले.

गळतीच्या मोसमात हे रोज, पंधरा-वीस मिनिटे. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा. जमले तर ओट्यावर किंवा गच्चीत करावे, खाली वर्तमानपत्र पसरून. पिल्लू असल्यापासून सवय लावावी, आणि शेवटी भाकरीचा एखादा तुकडा द्यावा. झिपऱ्या त्या तुकड्यासाठी डाव्या मागच्या पायाचा अपमानही सोसतो.

हे करताना हात अंगभर फिरतो हा आणखी एक लाभ. गोचीड, गाठ, जखम पहिल्याच दिवशी सापडते. आपल्याकडे गोचिडांमुळे येणारा ताप कुत्र्यांचा जीव घेतो. तेव्हा एक गोचीड वेळेवर सापडणे ही लहान गोष्ट नव्हे.

न्हाण आणि घास

आंघोळीच्या आधी विंचरावे, नंतर नव्हे. गुंता भिजला की नमद्यासारखा घट्ट बसतो. तीन-चार आठवड्यांतून एकदा कोमट पाण्याने न्हाऊ घातले की पुष्कळ. माणसांचे साबण-शाम्पू नकोत. आपली कातडी कुत्र्याच्या कातडीपेक्षा आम्लधर्मी, तिच्यासाठी बनवलेली वस्तू त्याला कोरडी करते. आंघोळीनंतर आतली लव मुळापर्यंत वाळली पाहिजे. पावसाळ्यात ती ओलसर राहिली तर आत कातडी चिघळते, बुरशी धरते. केस वाळवायचे यंत्र गार हवेवर ठेवून वापरले तर सुटे केस उडून जातात. मात्र हे अंगणात करावे. आम्ही एकदा स्वयंपाकघराशेजारी केले होते. त्या दिवशी शेवभाजीत शेव कोणती हे नीट पाहून जेवलो.

केस हा बहुतांशी प्रथिनांचा बनलेला. आपल्याकडे पुष्कळ घरी कुत्र्याला भाकरी नि दूध एवढेच घालतात. त्यावर पोट भरते, कातडी भरत नाही. उकडलेले अंडे, शिजवलेली कोंबडी किंवा मासळी, नाहीतर चांगले तयार खाद्य द्यावे. शाकाहारी घरांनी डॉक्टरांना विचारून आहार ठरवावा. मासळीच्या तेलाने कातडीला मदत होते, पण किती द्यायचे हे वजनावर ठरते आणि फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. दिवाळीत एक लक्षात ठेवावे: बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषासमान. चिवड्याची मूठ प्रेमाने पुढे करू नये.

घर आणि खानदेशी उन्हाळा

केरसुणीने केस गोळा होत नाहीत, जागा बदलतात. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, मग केर काढावा. सोफ्यावर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवला तर केसांची वळी होऊन येते. हा शोध पत्नीचा, आणि तो माझ्या सगळ्या सल्ल्यांहून मोलाचा आहे. कपडे धुण्याआधी झटकावेत. कुत्र्याला त्याची स्वतःची चादर द्यावी आणि ती आठवड्याला धुवावी. फराळाच्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दाराला फळी लावावी. आमच्याकडे कानबाईच्या रोटांच्या वेळीही फळी असते आणि झिपऱ्या पलीकडे बसून उसासे टाकतो.

केस पोटात गेला तर काय, अशी भीती घालणारे पुष्कळ भेटतात. चुकून गेलेला केस आला तसा निघून जातो. जपायचे ते जंतांपासून. कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, साधारण दर तीन महिन्यांनी, जंताचे औषध द्यावे आणि जेवणापूर्वी आपण हात धुवावेत. घरात दम्याचा माणूस असेल तर हेही ध्यानात ठेवावे की त्रास मुख्यतः केसांचा नसतो, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो. म्हणून अशा माणसाच्या खोलीत कुत्रा नको आणि विंचरण्याचे काम दुसऱ्याने करावे.

उन्हाळ्यात विंचरलेली लव हीच त्याची सोय. आतली मेलेली लव निघाली की केसांतून वारा खेळतो. ती तशीच राहिली तर ऊन नसतानाही तो आतल्या आत शिजतो. फिरायला पहाटे न्यावे. आम्ही मेहरूण तलावाकडे उजाडताच जाऊन येतो. संध्याकाळी रस्त्याला पालथा हात लावून पाहावा. सात सेकंद ठेववला नाही तर त्याचे पंजेही भाजणार. दुपारी कूलरचा वारा, ओले गोणपाट, भरपूर पाणी. कुत्र्याचे अंग मुळातच ३८ ते ३९ अंशांचे असते. ते ४१ च्या वर गेले तर जिवावर बेतते. जोरजोरात धाप, लाळेचा फेस, लडखडणे दिसले तर सावलीत नेऊन पोट, काखा आणि पंजे गार पाण्याने भिजवावेत, पंखा लावावा आणि त्याच स्थितीत डॉक्टरांकडे न्यावे. बर्फात बुडवू नये.

केव्हा घाबरावे?

मोसमी गळतीत केस सगळीकडून सारखे विरळ होतात आणि कातडी निरोगी दिसते. पण टक्कल पडले, गोल चट्टे उठले, खाज थांबत नाही, वास येतो, किंवा दोन्ही कुशींवरचे केस सारखेच जाऊन कुत्रा सुस्त व लठ्ठ होऊ लागला, तर तो मोसम नव्हे, आजार समजावा. खरूज, नायटा, पिसवा, थायरॉइड, कारणे अनेक असतात. नायटा तर मुलांनाही लागतो. अशा वेळी हळद-तेलावर दिवस काढू नयेत.

राहिला प्रश्न, या लोकरीचे करायचे काय? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोस्ट सॅलिश लोक एके काळी खास लोकरीसाठी कुत्रे पाळत आणि त्यांच्या लोकरीची कांबळी विणत. १८५९ साली मेलेल्या अशा एका कुत्र्याचे कातडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याचे नाव मटन. ती जात आज उरलेली नाही. आमची धाकटी पूर्वी झिपऱ्याची लव चिमण्यांच्या घरट्यांसाठी फांदीवर ठेवायची. पण गोचिडांचे औषध लावलेल्या कुत्र्याच्या केसांतून ते विष घरट्यात जाते आणि पिलांना बाधते, हे कळल्यापासून आम्ही ते बंद केले.

दोन ढीग

आता दादांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. फणी तीच आहे. ब्रश बदलावा लागला. पहिल्या दिवशी मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरले, तेव्हा झिपऱ्या बराच वेळ दारातच उभा होता. मग आला आणि वर्तमानपत्राच्या बरोबर मध्यावर, पाठ माझ्याकडे करून उभा राहिला. दादांनी शिकवलेली जागा होती ती.

या दिवाळीतही आश्विन लागताच त्याची वेचणी सुरू झाली आहे. सकाळी मी ओट्याच्या एका टोकाला त्याला विंचरतो. दुसऱ्या टोकाला आई कापूस घेऊन दिवाळीच्या वाती वळत बसते. दोन पांढरे ढीग वाढत जातात. मधूनच वारा सुटतो, तेव्हा आई घाईने आपल्या ढिगावर पदर धरते आणि मला म्हणते, "तुझा आवर आधी." मी पुडी बांधतो. एखादा केस निसटतोच. तो कुठे जाणार हे मला ठाऊक आहे. अनारशाचे पीठ मुरते आहे. दोन-तीन दिवसांत आई फडके उचलेल आणि विचारेल.